खाल्लेलं आणि नेलेलं

गेल्या वर्षी सोयाबीन निघाल्यानंतरचे आठ-दहा दिवस फोन वाजला की मी तो उलटा करून ठेवायचे. मेसेजचा साधा टिंग आवाज आला तरी. वलगावच्या पुढे एका छोट्या गावात मी शाळेची मुख्याध्यापिका आहे, राहते अमरावतीला. निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं उरली होती. आणि उभ्या नोकरीत पहिल्यांदाच माझ्या शाळेचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर फिरत होता. व्हिडिओ जेमतेम वीस सेकंदांचा. शाळेच्या मागच्या फाटकातून आमची स्वयंपाकीण बाहेर पडते, हातात कापडी पिशवी, पिशवीतून स्टीलच्या डब्याचं झाकण दिसतं. मागून कोणाचा तरी आवाज येतो, पाहा, पोरायच्या तोंडचा घास कसा घरी चालला. बस, एवढंच.

तो डबा कुठे जात होता आणि तो द्यायला कोणी सांगितलं होतं, हे त्या वेळी गावात मोजक्या माणसांना ठाऊक होतं. स्वयंपाकिणीला, एका चौथीतल्या मुलीला, तिच्या आईला आणि मला. सांगितलं होतं मीच. स्वयंपाकिणीचं काम राहणार की जाणार, आणि ती गावात चोर ठरणार की नाही, हे आता मी तोंड उघडते का यावर अडलं होतं. आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलं होतं. छप्पन्न वर्षांच्या बाईला, जिने तीस-बत्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून सांगितलं, तिला असं का व्हावं, हे शोधायला गेले तर मला थेट माझ्या गावच्या हरभऱ्याच्या शेतात जावं लागलं.

माझं लहानपण बार्शीटाकळीजवळच्या एका खेड्यात गेलं. थंडीत हरभऱ्याला घाटे धरले की आम्ही पोरी शाळा सुटल्यावर कोणाच्याही शेतात शिरायचो. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे, कारण गावाचा नियमच तसा होता. शेतात बसून पोटभर खाल्लं तर ती चोरी नाही. ओच्यात बांधून धुऱ्याबाहेर, म्हणजे शेताच्या बांधाबाहेर नेलं, तर चोरी. मालकही हा नियम पाळायचे. खाताना दिसलो तर लांबूनच ओरडून सांगायचे, खा वं पोरीहो, पण पायाखाली झाडं तुडवू नका.

बाबांनी मला हा नियम सांगितला तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. घाबरट होते आणि घाबरट पोरं असतात तशी भारी चिकित्सक होते. मी त्यांना विचारलं, धुऱ्यावर उभं राहून खाल्लं तर? एक पाय आत आणि एक बाहेर असला तर? तोंडात घास असतानाच धुरा ओलांडला आणि बाहेर येऊन गिळला तर? बाबा वखर नीट करत होते. ते वैतागून म्हणाले की बाहेर नेलेलं खाल्लं तर पोटात कळ येते, जा आता. त्यांनी मला टाळण्यासाठी सांगितलं. मी ते सरकारी आदेशासारखं धरून बसले. एकदा घरी आल्यावर फ्रॉकच्या खिशात दोन घाटे निघाले. मी ते खाल्ले नाहीत, फेकलेही नाहीत, फेकणंही कुठल्या तरी नियमात बसत नसेल असं वाटून तांदळाच्या पिंपामागे ठेवून दिले आणि पोट दुखण्याची वाट पाहत बसले. दुसऱ्या दिवशी ते खरंच दुखलं. आईने ओवा दिला. मला मात्र खात्री झाली की कोणीतरी वर बसून घाटे मोजतं.

त्या वयात वाईट म्हणजे काय, तर ज्यासाठी शिक्षा होते ते. दुसरं काही माझ्या डोक्यात नव्हतं. मालकाचं नुकसान होतं का, त्याने राबून पिकवलंय का, असला विचार मनाला शिवलाही नाही. मालक मला माणूस म्हणून दिसतच नव्हता.

अकरा-बारा वर्षांची झाले तोवर पोटाच्या कळेची भीती गेली आणि तिच्या जागी त्याहून वाईट भीती आली. लोक काय म्हणतील ही. आमच्या गल्लीत गाद्या-रजया भरणारं एक मुसलमान कुटुंब होतं. त्यांची मुलगी माझ्या वर्गात, माझी जिवाभावाची मैत्रीण. घरात ती हिंदी-उर्दू बोलायची, आमच्याशी वऱ्हाडी, आणि भांडायची दोन्हींत. त्या हिवाळ्यात तिच्या आईला दिवस गेले होते आणि तिला ओला हरभरा खावासा वाटत होता. मैत्रीण शेतात बसली होती, खात मात्र नव्हती. घरी नेता येत नाही म्हणून तिचा चेहरा उतरला होता. मी तिला सांगितलं की पोटुशी बाईसाठी नेलं तर ती चोरी होत नाही. असा नियम गावात नव्हता. तो मी तिथल्या तिथे तयार केला होता. पण मी हे इतक्या ठामपणे सांगितलं की, शेत असलेल्या घरची पोरगी सांगते म्हणून तिने ते खरं मानलं आणि ओढणीत घाटे भरून घेतले.

धुऱ्यावर मालकाने तिला अडवलं. मी चार पावलं मागे होते. मालकाने विचारलं, कोणी सांगतलं तुले न्यायले? तिने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलेकडे पाहिलं. ती म्हणाली, कोणी नाई. मालकाने तिला ओढणी तिथेच झटकायला लावली आणि तो तिच्या घरच्यांबद्दल एक वाक्य बोलला, जे मी इथे लिहिणार नाही. नंतर ती माझ्यावर रागावली नाही. अभ्यासाचं, गणिताचं बोलायची. फक्त आमच्याबरोबर शेतात यायची बंद झाली. तेव्हा मी स्वतःची समजूत घातली होती की बाबांना कळलं असतं तर त्यांची मान खाली गेली असती, म्हणून मी गप्प बसले. म्हणजे मी गप्प बसले तेही चांगल्या मुलीसारखंच, असं मला वाटत होतं.

बारावीनंतर मी अकोल्याला डी.एड. केलं. तिथे बालमानसशास्त्राच्या सरांनी एकदा फळ्यावर जिना काढला. लहान मूल शिक्षेला भिऊन बरं-वाईट ठरवतं, ही खालची पायरी. मग इतरांनी चांगलं म्हणावं म्हणून. मग नियम आहे म्हणून. आणि सगळ्यात वर माणूस स्वतःच्या विवेकाने ठरवतो, नियमाच्याही पलीकडे जाऊन. मी वहीत तो जिना पट्टीने आखून काढला आणि परीक्षेत त्यावर चांगले मार्क मिळवले. आपण आता तिसरी पायरी ओलांडून चौथीवर चाललो आहोत, अशी माझी ठाम समजूत झाली. वर चढलेला माणूस खाली येतो का, हे सरांनी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. प्रश्न विचारायची माझी सवय तोवर गेली होती.

आता त्या डब्याकडे येते. आमच्या शाळेत पोरांना दुपारचं जेवण मिळतं, खिचडी, वरण-भात, मटकीची उसळ. ते शिजवणारीला सगळी पोरं मावशी म्हणतात, म्हणून आम्ही शिक्षकही मावशीच म्हणतो. पंचेचाळिशीची, कामाला वाघीण, तोंडाने फटकळ. तिच्या घरात दर महिन्याला ठरून येणारे पैसे तेवढेच. जेवणाचा नियम साधा आहे, पोरांनी शाळेत बसून खायचं, घरी काही न्यायचं नाही. उरलं तर फाटकाजवळच्या टाक्यात जनावरांसाठी टाकायचं. हा नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसू आलं होतं. हा तर आमच्या धुऱ्याचाच नियम, फक्त साहेबाच्या सहीचा.

पावसाळा संपता संपता मावशीच मला सांगायला आली की चौथीतली एक मुलगी अर्धी खिचडी खाते आणि अर्धी दप्तरात लपवते. मुलीला बोलावलं तर ती रडायलाच लागली. तिची आई मोटरसायकलवरून पडून पायाला प्लास्टर घालून खाटेवर होती, वडील कामासाठी सुरतेला गेलेले. सकाळी शेजारीण दोन पोळ्या द्यायची, दुपारचं काही नव्हतं. दुपारचं आईसाठी म्हणून ही पोरगी स्वतः अर्धपोटी राहत होती. मला भडभडून आलं. मी मावशीला म्हटलं, तिला पोटभर वाढा आणि रोज जे उरतं त्यातलं डब्यात भरून द्या, टाक्यात टाकण्यापेक्षा बरं. मावशीने विचारलं, मॅडम, चालते का असं? मी म्हणाले, ‘मी आहे ना.’

हे तीन शब्द मी किती सहज बोलले. लिहून काही दिलं नाही. आमच्याकडे गावात कोणी लिहून मागत नाही आणि कोणी देत नाही. शब्द दिला की झालं. पुढे वर्गातली पोरं मुलीला डब्यावरून चिडवायला लागली, तेव्हा मावशीने आपण होऊन तो डबा आपल्या पिशवीत घ्यायला सुरुवात केली. घरी जाताना वाटेत तिच्या आईला देऊन पुढे जायची. मला तिने हेही सांगितलं होतं. मी बरं म्हटलं होतं.

आणि मग तो व्हिडिओ आला. तो काढणारे शाळेच्या समितीतले एक सदस्य होते, त्यांच्या वहिनीला स्वयंपाकाचं काम हवं होतं. तालुक्याला तक्रार गेली. चौकशीला साहेब येणार असा निरोप आला आणि तिथून पुढे मी माणसात राहिले नाही. वर्गात बेरीज शिकवताना मनात चाललेलं, विचारतील तेव्हा काय सांगायचं. स्कूटीवरून येताना दोनदा ब्रेक लावायला उशीर झाला. घरी सांगितलं तर नवऱ्याने एकच प्रश्न केला, तू तोंडीच सांगितलं होतंस ना, मग कुठे लिहिलंय? त्यात त्याचं काही चुकलं नाही. तो माझ्या बाजूने बोलत होता. दोन वर्षं राहिलीत, निलंबन झालं तर पेन्शनचं काय, मुलीचं लग्न ठरतंय त्याचं काय. मी त्याच्यावर चिडले आणि चिडताना मला हेही कळत होतं की मी मनातल्या मनात तोच प्रश्न आधीच स्वतःला विचारून ठेवला होता.

त्या आठवड्यात मी मावशीशी नीट बोललेसुद्धा नाही. ती रोज यायची, तांदूळ निवडायची, चूल पेटवायची. पोरं जेवताना मी पूर्वी तिच्याजवळ स्टुलावर बसायचे, आता ऑफिसात दार लोटून बसायला लागले. कोणी आम्हाला बोलताना पाहिलं तर संगनमत म्हणतील, असं कारण मी शोधलं होतं. कारणं शोधण्यात मी लहानपणापासून पटाईत.

चौकशीला आलेले साहेब माझ्या मुलाच्या वयाचे होते, शांत आणि सभ्य. माझ्याच खुर्चीसमोर बसून त्यांनी कागद काढले. मावशी दाराशी उभी होती. तिला बसा म्हणावं हेही मला सुचलं नाही. साहेबांनी आधी तिला विचारलं, डबा नेत होत्या का? ती हो म्हणाली. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं की मुख्याध्यापिका म्हणून तुम्हाला याची कल्पना होती का. मी चष्मा काढला. पदराने पुसला. पाण्याचा ग्लास उचलला. हे सगळं मी किती वेळ करत होते सांगता येणार नाही, पण दाराशी उभ्या असलेल्या बाईला माझा निकाल कळायला तेवढा वेळ पुरला.

‘मॅडमले काईच मालूम नव्हतं साहेब,’ मावशी म्हणाली. ‘मीच नेत होती.’

साहेबांनी लिहून घेतलं. मी ग्लास खाली ठेवला. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर वाटली, आधी छातीवरचं ओझं उतरलं. हे लिहायला मला अजून जड जातं.

पुढे तर सगळं आणखी सोपं झालं. साहेब म्हणाले, अन्न उरलेलं होतं, पोरांच्या ताटातलं काढलेलं नाही, पहिलीच वेळ आहे. बाईंनी माफीनामा लिहून द्यावा, पुन्हा असं होणार नाही म्हणून, प्रकरण मिटवू. माफीनामा मी लिहिला, माझ्या सुरेख अक्षरात. मावशीने खाली हळूहळू सही केली. साहेब चहा पिऊन गेले. मावशी जाताना ऑफिसच्या दाराशी थांबली आणि दबक्या आवाजात म्हणाली, ‘मिटलं मॅडम. आता तुमी कोणाले काई बोलू नका.’ मी मान हलवली.

एवढ्यावर मी गप्प बसले असते तर आज तिचं काम शाबूत असतं. पण माझं मन मला स्वस्थ बसू देईना. ऐन दिवसा, वर्गात, बाजारात, मला ती ओढणी दिसायची आणि खाली पडलेले घाटे. तेव्हा अकरा वर्षांची होतीस, आता किती वर्षांची आहेस, असं मी स्वतःलाच दरडावायचे. त्यात आणखी एक काळजी होती, ती मी तेव्हा मान्य केली नसती. ती चौथीतली मुलगी सगळं जाणत होती. कधी ना कधी ती कोणाला तरी सांगेल आणि मग मी खोटी पडेन. म्हणजे मला खरं बोलायचं होतं त्यात थोडा विवेक होता, थोडी जुनी टोचणी होती आणि थोडी पकडलं जाण्याची भीती होती. कोणतं किती, हे मला आजही वेगळं काढता येत नाही.

चौथ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून तालुक्याच्या ऑफिसात गेले. दोन पानी निवेदन दिलं, की सदर डबा माझ्या तोंडी सूचनेवरून दिला जात होता, संबंधित स्वयंपाकी महिलेचा दोष नाही, जबाबदारी माझी. साहेबांनी ते दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा पडला. ते म्हणाले, ‘मॅडम, मिटलं होतं ना हे?’ मी म्हणाले, पण ते खरं नव्हतं. त्यांनी शिक्का मारून पोच दिली. बाहेर येऊन मी स्टँडवर चहा प्यायले. किती दिवसांनी चहाला चव लागत होती. आपण त्या जिन्याच्या अगदी वरच्या पायरीवर उभ्या आहोत, असं मला त्या बाकावर बसून वाटलं, आणि सरांना हे कळायला हवं होतं असंही वाटलं.

पंधरा दिवसांत दोन कागद आले. एक माझ्यासाठी. यापुढे तोंडी सूचना देऊ नयेत, दक्षता घ्यावी. बस. दुसरा मावशीसाठी. चौकशीत जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यामुळे कामावरून कमी करण्यात येत आहे. व्हिडिओवाल्या सदस्यांनी माझ्या निवेदनाची प्रत मिळवली होती आणि बाई साहेबांसमोर खोटं बोलली, हे त्यांनीच लावून धरलं होतं. साहेबांनी मला फोनवर सांगितलं की त्यांचा नाइलाज झाला. माझ्या खरेपणाने तिचं खोटं उघडं पडलं होतं, आणि ते खोटं ती माझ्यासाठी बोलली होती.

ती तिचं सामान न्यायला आली तेव्हा मी दारातच होते. घरून आणलेला एक मोठा सराटा, म्हणजे उलथणं, एक विळी, एक पाट, एवढंच होतं तिचं. ते तिने पोत्यात घातलं. मी सांगायला लागले की मला राहवलं नाही, मी तुमच्यासाठीच गेले, मला वाटलं साहेब समजून घेतील. ती ऐकत होती. तिचा फटकळपणा कुठे गेला होता कोण जाणे.

‘जाच्या आधी मले इचारलं काहून नाई?’ ती म्हणाली. ‘मी सांगतलं होतं ना, बोलू नका म्हणून. मले समजत नव्हतं का, खरं काय अन् खोटं काय?’

मी नवऱ्याला विचारलं होतं, मनातल्या त्या अकरा वर्षांच्या पोरीला विचारलं होतं, फळ्यावरच्या जिन्यालाही विचारलं होतं म्हणा. जिचं काम जाणार होतं तिला विचारायचं मला सुचलं नाही. ती गावातली शिजवणारी बाई आणि मी मुख्याध्यापिका, हेच माझ्या मनात कुठेतरी खोल बसलं असणार. तिने खोटं बोलून मला वाचवलं, तेही तिने विचार करून केलं असेल, हिशेब मांडून केलं असेल, असं मी धरलंच नव्हतं. मला वाटलं, भोळी आहे बिचारी.

समितीतल्या त्या सदस्यांची वहिनी कामावर आली. ती नियमाने वागते, उरलेलं टाक्यात टाकते. त्या मुलीच्या आईसाठी मी माझ्या घरून डबा आणायला लागले. मुलगी तो दप्तरात ठेवते, कोणी काही म्हणू शकत नाही. हे मला सुरुवातीलाच का सुचलं नाही, याचंही उत्तर मला आता ठाऊक आहे. माझ्या घरचा डबा द्यायचा तर मला अर्धा तास लवकर उठून चार पोळ्या जास्त लाटाव्या लागतात. शाळेची खिचडी द्यायला मला नुसतं तोंड हलवावं लागलं होतं.

डिसेंबरात मी मावशीच्या घरी गेले. ती कापूस वेचायला जात होती, रविवारी घरी असते असं कळलं होतं. बोटांची टोकं बोंडांनी फाटली होती. तिने मला पाणी दिलं, खाटेवर बसवलं आणि स्वतः खाली बसली. मी या वेळी काही समजावलं नाही. वाटेत ठरवून आले होते तेच विचारलं, तुमच्यासाठी मी काय करू? मला धास्ती वाटत होती की ती काम परत मागेल आणि ते तर माझ्या हातात नाही. तिने काम मागितलंच नाही.

ती म्हणाली की कामाचं पाहून घेईन, हात आहेत. पण किराणा दुकानात गेली की बायका पिशव्या जवळ ओढतात. भागवत सप्ताहाच्या जेवणाला वाढायला उभी राहिली तर कोणीतरी तिच्या हातून भांडं काढून घेतलं. आता ती चार माणसांत जातच नाही. ‘तुमी थो कागद दिला, थो साहेबाच्या कपाटात हाय,’ ती म्हणाली. ‘गावानं कोठी वाचला? गावात सांगा. माइकवर सांगा.’

कागदावर लिहिणं मला जमतं. अक्षर चांगलं आहे, भाषा चांगली आहे, वाचणारा समोर नसतो. माइकवर, ज्यांची पोरं मी शिकवते त्यांच्यासमोर, मी स्वतःबद्दल असं कधी बोलले नव्हते. मी तिला हो म्हणाले, आणि त्यानंतर झेंडावंदनापर्यंतचे पाच आठवडे मी रोज एकदा तरी त्यातून अंग काढून घ्यायचं काही निमित्त शोधलं. तब्येत, साहेबांची परवानगी, गावातलं राजकारण. नवरा या वेळी एवढंच म्हणाला, तू जाशील हे मला माहीत आहे, उगाच सगळ्यांचा जीव खाऊ नको.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर शाळेच्या मैदानातच ग्रामसभा असते. मावशी आली होती. बायकांच्या शेवटच्या ओळीत, फाटकाच्या अगदी जवळ, केव्हाही उठून जाता येईल अशी बसली होती. सरपंचांना मी आधी सांगून ठेवलं होतं. मी माइक हातात घेतला. लिहून आणलेला कागद पर्समध्येच राहिला. मी कसंबसं सांगितलं की तो डबा मावशीने चोरला नव्हता, तो आपल्याच शाळेतल्या एका मुलीच्या आजारी आईला जात होता आणि तो द्यायला मी सांगितलं होतं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले आणि तिने माझा दोष अंगावर घेतला. पुढे मी तिला न विचारता तालुक्याला जाऊन सांगितलं, त्यात तिचं काम गेलं.

ज्यांनी व्हिडिओ काढला होता ते मोबाइलमध्ये बघत होते. मला वाटलं झालं, आता माइक द्यावा. तेवढ्यात मागून एक म्हातारे गृहस्थ उठले, त्यांची नात माझ्याकडे दुसरीत आहे. त्यांनी रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं.

‘मंग मॅडम, साहेबानं इचारलं तवाच काहून नाई बोलल्या?’

प्रकरण वाढू नये म्हणून. शाळेचं नाव खराब होऊ नये म्हणून. एकेक उत्तर ओठांवर आलं, सगळी चांगली होती, सगळी मला पाठ होती. समोर सतरंजीवर माझी पोरं मांडी घालून बसली होती, पहिलीपासून चौथीपर्यंतची, छातीला कागदी झेंडे लावून.

‘मले भेव लागलं होतं,’ मी म्हणाले.

म्हातारे गृहस्थ मान हलवून खाली बसले. सरपंचांनी माइक घेतला आणि पाण्याच्या टाकीचा विषय काढला. मग रस्त्याचा निघाला, मग घरकुलांचा, सभा दीड-दोन तास चालली. मावशी शेवटपर्यंत बसून होती.